राहिलेला खर्च रिटर्नमध्ये घालायचाय? आधी हे काढून बसा

इंटिरियरवाले, आर्किटेक्ट, स्वतःची प्रॅक्टिस असलेले, आधी भरलेलं इन्कम टॅक्सचं रिटर्न उघडा आणि फॉर्म कुठला ते बघा. आयटीआर-4 मध्ये 44एडीए खाली, म्हणजे अंदाजाने नफा धरायच्या सोप्या पद्धतीने, वर्षाची निम्मी जमा नफा म्हणून दाखवली असेल तर उरलेल्या निम्म्यात सगळा खर्च धरलेलाच असतो, वेगळं पेट्रोल घालायला जागाच नाही, आणि नफा 50 टक्क्यांखाली दाखवायचा म्हटलं की उत्पन्न करपात्र असेल तर हिशेबाची पुस्तकं आणि ऑडिट दोन्ही मागे लागतं, सीएची फी धरून परवडतंय का बघा. आयटीआर-3 वाल्यांनी, म्हणजे प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा दाखवणाऱ्यांनी, पुढे वाचा. टॅक्स रिजीम नवी असली तरी धंद्याचा खर्च मिळतो, 80सी ची वजावट (एलआयसी, पीपीएफ वगैरे) तेवढी जाते.

मग तारीख. आर्थिक वर्ष 2024-25 च्या रिवाइज्ड रिटर्नची, म्हणजे भरलेलं रिटर्न दुरुस्त करून पुन्हा भरायची, मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली, तुमच्या वर्षाची पोर्टलवर बघून घ्या, कारण ती गेली की राहतं अपडेटेड रिटर्न आणि त्यात टॅक्स फक्त वाढवता येतो, कमी नाही. सरकारी सोय!

आता खरं काम. राहिलेला खर्च बहुतेक वेळा घरच्या सेव्हिंग खात्यात लपलेला असतो, त्यामुळे एप्रिल ते मार्च सगळ्या खात्यांची, कार्डांची आणि यूपीआयची स्टेटमेंट काढा आणि पेन घेऊन बसा. सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, प्लॉटरच्या प्रिंट, कॅड करून देणाऱ्या पोराचे पैसे, नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या साइटवर मारलेल्या चकरा, लॅमिनेट बघायला मुंबईला गेलात तर घोटीचा टोल, तो फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये सापडतो. प्रोफेशन टॅक्सचे वर्षाचे 2,500 तर हमखास विसरतात. मोबाइल, वायफाय, गाडी घरीपण वापरता ना, मग कामापुरताच हिस्सा धरा आणि तो कसा काढला ते कुठेतरी लिहून ठेवा.

लॅपटॉप अख्खा खर्चात टाकू नका, त्यावर 40 टक्के घसारा, म्हणजे दरवर्षी किमतीचा थोडा भाग खर्च म्हणून, मिळतो, आणि घेतल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्मा. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले असतील तर तो खर्च सहसा धरत नाहीत. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेवढी रक्कम खर्चातून वजा करा. एलआयसीचा हप्ता, इन्कम टॅक्स, त्याची लेट फी हे धंद्याचे खर्च नाहीत, कोणी काहीही सांगो.

बिलं पेट्रोलपंपाची असली तर आजच फोटो काढा, शाई उडते. सुताराने बिल दिलं नसेल तर नाव, तारीख, काम, रक्कम लिहून त्याची सही घ्या आणि यूपीआयची पावती मागे टाचा.

रिवाइज्ड रिटर्न भरताना मूळ रिटर्नचा पावती नंबर आणि तारीख लागते, ती हाताशी असू द्या, आणि भरून झाल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा, आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होतं, फक्त आधारला जोडलेला नंबर चालू आहे ना ते आधीच बघा.