झॅबिक्स बसवताना या चुका टाळा: सर्व्हिस चालू, तरी ग्राफ रिकामा

झॅबिक्स म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याचं पॅकेज टाकणं तसं सोपं आहे. डोकं खातं ते पुढचं काम. सर्व्हर चालू, एजंट (नजर ठेवायच्या मशीनवरचा छोटा प्रोग्रॅम) चालू, पण डेटाचा पत्ता नाही. अशा वेळी वैतागून सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करू नका. आधी बघा, कनेक्शन कोण कोणाकडे करतंय.

डेटा दोन प्रकारे येतो: पॅसिव्ह चेकमध्ये तो मागायला सर्व्हर एजंटच्या 10050 पोर्टवर येतो, अ‍ॅक्टिव्हमध्ये एजंट सर्व्हरच्या 10051 वर जातो. म्हणजे फायरवॉल वेगवेगळ्या मशीनवर उघडावी लागते. एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्येही 'सर्व्हर' आणि 'सर्व्हरअ‍ॅक्टिव्ह' अशा दोन स्वतंत्र ओळी आहेत आणि दोन्हींत सुरुवातीला 127.0.0.1 असतं. बरेच जण पहिली बदलतात, दुसरी तशीच राहते. मग पॅसिव्ह आयटम (मोजायच्या गोष्टी) चालतात आणि अ‍ॅक्टिव्ह मूग गिळून बसतात.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक 'होस्टनेम'ची. या ओळीतलं नाव आणि झॅबिक्सच्या वेब पानावर होस्टला (नजर ठेवायच्या मशीनला) दिलेलं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. कॅपिटल-स्मॉलचा फरकही चालत नाही. एजंटच्या लॉगमध्ये 'होस्ट नॉट फाउंड' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण लॉग उघडतंय कोण? कृपा करून तो आधी उघडा.

पॅसिव्ह वाट तपासायला सर्व्हरवरून झॅबिक्स-गेट ही कमांड चालवून 'एजंट.पिंग' मागा. 1 आलं तर वाट मोकळी. 'टाइम्ड आउट' आलं तर बहुधा फायरवॉल, 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा एजंट त्या पोर्टवर ऐकतच नाहीये. 'अ‍ॅक्सेस रिस्ट्रिक्शन्स' तपासा असं आलं तर 'सर्व्हर' ओळीतला आयपी बघा.

रेड हॅट, रॉकी, अल्मा या लिनक्सवर सर्व्हर चालू असूनही वेब पान तो बंद असल्याचं सांगत असेल, तर एसई-लिनक्स या त्यातल्या सुरक्षा यंत्रणेवर संशय घ्या. त्यावर ते सरसकट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. वेब सर्व्हरला झॅबिक्सशी जोडू देणारं बुलियन (चालू-बंद सेटिंग) तेवढं कायमचं चालू करा.

लॉगिन जमलं की अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड लगेच बदला.

राउटर-स्विच एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांकडून माहिती घेण्याच्या पद्धतीने) बघत असाल तर ट्रॅफिक मोजणारा 32-बिट काउंटर घेऊ नका. 1 गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर तो साधारण 34 सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. मिनिटाला एकदा वाचणाऱ्या आयटमला हे कळत नाही आणि भरलेली लाइन ग्राफवर निवांत दिसते. 'एचसी' असलेले 64-बिट काउंटर निवडा. एसएनएमपीच्या आवृत्ती 1 मध्ये ते मिळत नाहीत, म्हणून किमान 2सी लावा. त्यात कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) नेटवर्कवरून उघडीच जाते, तेव्हा उपकरण साथ देत असेल तर थेट 3 घ्या, तेही एन्क्रिप्शन चालू ठेवून.