फिल्म तुटली की आधी गाईडचं बटन बघा भाऊ! या चुका टाळा

हिंगणघाटकडं एका पॅकिंग फिल्मच्या कारखान्यात स्लिटरवर, म्हणजे फिल्म उभी कापून पट्ट्या करणाऱ्या मशीनवर, बारा वर्षं झाली मला. दर सीझनले नवीन पोट्टे येतात आणि तीच चूक करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

वेब गाईड म्हणजे चालती फिल्म सरळ रेषेत ठेवणारं यंत्र, त्याचं काम साधं आहे. सेन्सर फिल्मची कड बघते, कंट्रोलर किती सरकली ते मोजते आणि अॅक्चुएटर, म्हणजे ढकलणारा रॉड, रोलरची फ्रेम फिरवून कड जागेवर आणते. पण फिल्म तुटली हे त्याले आपोआप समजत नाही. सेन्सरसमोर कड नाही म्हणजे फिल्म लांब सरकली असंच त्याले वाटते, आणि तिले शोधत ते फ्रेम पार टोकाले नेऊन टेकवते.

मागच्या मे मधली गोष्ट. रात्री अडीचले लाइट गेली, मशीन झटक्यात थांबलं, फिल्म तुटली. लाइट आल्यावर पोट्ट्यांनी गाईड ऑटोवरच ठेवून तिरक्या फ्रेमवरून नवीन फिल्म ओवली, टेप मारली, मशीन उठवलं. सळ पडली, तुटली. परत तेच, परत तुटली. मग एकानं हुशारी करून गेन (गाईड किती जोरात दुरुस्ती करते ते) वाढवला, तर फ्रेम डावीउजवीकडं नाचायलाच लागली. फोन आला, "दादा, गाईड पागल झालं." गाडी काढून गेलो तर अॅक्चुएटरचा रॉड पूर्ण बाहेर आलेला, आणि तिघं रोलले शिव्या देत उभे! मॅन्युअल केलं, सेंटरचं बटन दाबलं, फ्रेम मधात आली. गेन जुन्या जागी आणला, फिल्म ओवली, हळू चालवून टेन्शन (फिल्मचा ताण) भरू दिलं, कड सेन्सरच्या मधात आल्यावरच ऑटो. एवढंच होतं, पण तोवर दीड तास आणि तीन जॉइंट गेले.

चालत्या फिल्मलेच गाईड वळवू शकते, उभ्या फिल्मखाली फ्रेम फिरवली तर फक्त सुरकुत्या मिळतात. घाई काऊन करता बाप्पा?

खरा इलाज म्हणजे फिल्म तुटल्याचा सिग्नल गाईडच्या कंट्रोलरले द्या, म्हणजे ते तिथंच लॉक होईल किंवा सेंटरले जाईल. आमच्याकडं ते वायर होतं, कोणीतरी "सारखं मशीन थांबते" म्हणून काढून ठेवलं होतं. असे जुगाड करणाऱ्यांचे हात बांधून ठेवावे वाटते.

बाकीचं थोडक्यात. पारदर्शक फिल्मवर इन्फ्रारेड सेन्सर लावू नका, उजेड आरपार जाते, तिथं अल्ट्रासोनिक, म्हणजे आवाजाच्या लहरींवर चालणारा, पाहिजे. उलट छिद्रं असलेल्या जाळीदार कापडातून आवाजच पार होते, म्हणून तिथं अल्ट्रासोनिक गंडते. सेन्सर गाईड रोलरच्या पुढं जवळच ठेवा, लांब ठेवला तर दुरुस्ती उशिरा होते आणि कड लहरत राहते. जॉइंट मारताना दोन्ही कडा एका रेषेत ठेवा, तिरका जॉइंट आला की गाईड झटका देते. कड आधीच फाटलेली असेल तर गाईडले दोष देऊ नका, रोल बदला.

आणि सेन्सर पुसा. बाजूले जिनिंग सुरू झाली की रुईचे तंतू उडून सेन्सरवर बसतात, मग फिल्म नसतानाही गाईडले काहीतरी दिसते. मी शिफ्ट चालू करायच्या आधी कोरडा मऊ कपडा फिरवतो. थिनर मारून पुसणारे पण बघितले, एका सेन्सरची काच त्यानंच धुरकट झाली, अजून माझ्या ड्रॉवरमधे पडून आहे.