खापरात सापडलेलं माझंच बोट

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करून मी पुरातत्त्वाच्या लॅबमध्ये आले, तेव्हा पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते एका मडक्याच्या खापराचं. बिनझिलईची भाजलेली माती सच्छिद्र असते. त्यात शिजलेल्या अन्नाची चरबी मडक्याच्या अंगात मुरते आणि नशीब असेल तर हजारो वर्षं तिथेच टिकते. वरचा पापुद्रा खरवडून टाकायचा, आतल्या भागाची ड्रिलने दोनेक ग्रॅम पूड काढायची, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये तिच्यातली चरबी उतरवायची आणि अर्क जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, चढवायचा. पाल्मिटिक आणि स्टिअरिक या चरबीतल्या आम्लांचे पीक आले (पीक म्हणजे शेतातलं नव्हे, आलेखावरचा सुळका). पुढे आणखी दोन ठसठशीत पीक: स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉल म्हणजे प्राण्याची चरबी, म्हणजे या मडक्यात मांस शिजलं होतं! मी आलेख घेऊन सीनियरकडे धावले. तिने एकदाच पाहिलं आणि विचारलं, "ग्लोव्हज घातले होतेस ना गं?"

स्क्वालीन माणसाच्या त्वचेच्या तेलात भरपूर असतं आणि ते फार लवकर विघटित होतं. इतकी वर्षं जमिनीत काढून ते एवढं ठळक उरणं शक्य नाही. कोलेस्टेरॉलबरोबर ते दिसलं की समजायचं, कुणाचा तरी हात लागलाय. मी फोटो काढताना खापर नुसत्या हाताने फिरवलं होतं. त्याच आलेखात थॅलेटचेही (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) पीक होते. ते प्लास्टिकच्या पिशवीतून उतरलेले. तेव्हापासून चरबी तपासायची खापरं मी अॅल्युमिनियम फॉइलमध्येच गुंडाळते, खापराशेजारच्या मातीचा नमुना मागून घेते आणि प्रत्येक बॅचबरोबर एक कोरी नळी चालवते. सॉल्व्हंट तेच, पण नमुना काहीच नाही. कोऱ्या नळीत दिसलेलं खापरात दिसलं, तर त्याला किंमत नाही.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना वाटतं, अवघड असेल ते मशीन. मशीन महिन्याभरात हाताळता येतं. यंत्रात घातलेल्या वस्तूचं आधी काय काय झालंय, हे ओळखायला मला तीन-चार वर्षं लागली.

कार्बन-14वरून वस्तूचं वय काढण्याचंच घ्या. विलर्ड लिबीने 1940च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली आणि 1960 मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्धायुष्य सुमारे 5730 वर्षं, म्हणून साधारण 50 हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं फारसं काही उरत नाही. हे पुस्तकात आहेच. पण तारीख निघते ती जीव मेल्याची, थर साचल्याची नाही. जाड खोडाच्या गाभ्यातली कडी झाड उभं असतानाच हवेतला कार्बन घेणं थांबवते. चुलीत तिचा कोळसा झाला, तर चुलीची तारीख शंभर-दोनशे वर्षांनी मागे जाऊ शकते. म्हणून भला मोठा कोळसा आणि जळलेला एक दाणा यांत निवड असेल, तर मी डोळे मिटून दाणा घेते. एएमएसला, म्हणजे कार्बन-14चे अणू थेट मोजणाऱ्या यंत्राला, काही मिलिग्रॅम पुरतात. शिवाय दाणा एकाच हंगामातला असतो.

हाडाचं वय काढायचं तर त्यातून कोलॅजन हे प्रथिन काढावं लागतं. त्यात कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर 2.9 ते 3.6 यांच्या बाहेर गेलं, तर नमुना बाद. उत्खनन करणाऱ्याला हे सांगणं जिवावर येतं. त्याने ते हाड दोन दिवस कुंचल्याने उकरलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून दरवेळी वाद होतो. लॅबमधून येणारं वय कॅलेंडरचं नसतं. ते 1950 पासून मागे मोजलेलं असतं आणि वृक्षवलयांवरून बनवलेल्या वक्रावर बसवावं लागतं. हा वक्र इसवी सनपूर्व 800 ते 400 च्या टप्प्यात जवळजवळ सपाट आहे. नमुना त्यात पडला, तर कितीही बारीक मोजा, उत्तर "या चारशे वर्षांत कधीतरी" असंच येणार. समोरचा म्हणतो, "नक्की साल सांगा ना." साल नसतं हो. नमुना घेण्याआधीच हे सांगून टाका, नंतरची कटकट वाचते.

वस्तू कुठून आली याचा माग काढण्याचं काम मला जास्त आवडतं. ऑब्सिडियनमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेत, सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण प्रत्येक उगमाचं बहुधा वेगळं असतं. ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या फ्रँक्थी गुहेतली ऑब्सिडियन मिलोस बेटावरची निघाली आणि शेती सुरू होण्याच्याही आधी माणसं समुद्र ओलांडत होती, हे कळलं. धातू मात्र छळतो. शिशाच्या समस्थानिकांवरून खाण शोधता येते, पण मोडकी भांडी वितळवून नवी ओतली असतील, तर दोन खाणींची सरमिसळ होते आणि आकडे भलत्याच तिसऱ्या खाणीकडे बोट दाखवू शकतात. त्यामुळे "हे त्या खाणीचं नाही" असं मी ठामपणे लिहिते. "त्याच खाणीचं आहे" लिहिताना हात आखडतो.

हातात धरायच्या एक्सआरएफ पिस्तुलापासून (क्ष-किरण मारून पृष्ठभागातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) सांभाळून राहा. अर्ध्या मिनिटात दोन दशांशांपर्यंत आकडे येतात आणि माणूस हुरळतो. जुन्या कांस्यावरचा हिरवा थर मोजला, तर तांबं कमी आणि कथील वाढलेलं दिसू शकतं, कारण जमिनीत तांबं झिरपून जातं. तुम्ही मोजलेला असतो तो गंज.

रसायनशास्त्रातून येत असाल, तर किमान एक हंगाम उत्खननावर काढा. उन्हात बसून थर कसा ओळखतात ते बघा. पुरातत्त्वातून येत असाल, तर संख्याशास्त्र टाळू नका. आणि दोघांनीही, वस्तू कापण्याआधी लेखी परवानगी घ्या, वजन करा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

उत्खननाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मी आजही सगळ्यांना तोच मेल टाकते: चरबी तपासायची खापरं धुऊ नका, हात लावू नका, फॉइलमध्ये ठेवा, माती सोबत पाठवा. तरी निम्मी खापरं स्वच्छ घासलेली येतात. आणि वर सुबक अक्षरात नंबर घालून त्यावर नेलपॉलिशचा हात फिरवलेला असतो.