तीन आकडे मोजा, मग बोला

नागपूरच्या महालातल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं. ऐकायला मात्र शिकले ते घसा बसला तेव्हा. पाचवीच्या वर्गावर फळ्यावर उदाहरण लिहून, खुणेनंच मुलांना उठवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा नेहमी "येत नाही" म्हणून खाली बसायचा. त्या दिवशीही तेच म्हणाला. मला "बस" म्हणता येईना, नुसती बघत राहिले. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, हातचा कुठून येऊन राहिला तेच समजत नाही." वर्षभर त्याला एवढंच सांगायचं होतं, आणि मी त्याला तेवढी उसंत दिली नव्हती.

पुढे एका प्रशिक्षणात मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम कळलं. १९७४ साली त्यांनी लिहून ठेवलंय की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि "माहीत नाही" म्हणणं कमी होतं. मूल बोलून झाल्यावरही तसंच थांबायचं.

हे घरी करून बघा. समोरचं माणूस बोलायचं थांबलं की मनात एक, दोन, तीन मोजा. सुरुवातीला जीव कासावीस होतो. पण पुष्कळदा दुसऱ्या आकड्यालाच ते पुन्हा बोलू लागतं, आणि आतली गोष्ट तिथंच निघते. त्या वेळात टक लावून बघू नका. तुरीचे सोले काढत, सांबार म्हणजे कोथिंबीर निवडत बसलं की बोलणाऱ्यालाही मोकळं वाटतं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि उन्हाळ्यात कूलर बंद करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कबूल आहे. पण कूलरच्या घरघरीत म्हातारं माणूस दोनदा सांगतं, तिसऱ्यांदा "काही नाही" म्हणून गप्प होतं. दहा मिनिटं घाम आला तर येऊ द्या.

"माझंही तसंच झालं होतं" हे वाक्य सोडणं सगळ्यात कठीण. आपण जवळीक म्हणून बोलतो, पण गोष्ट त्यांच्या हातून आपल्या हातात येते. सल्ल्याचंही तेच. त्याऐवजी त्यांचाच शेवटचा शब्द परत विचारा.

मागच्या एप्रिलमध्ये आई म्हणाली, "यंदा कुरोड्या नाही करत मी." एरवी मी लगेच म्हटलं असतं, नको करू, विकत आणू. या वेळी उठून कूलर बंद केला आणि विचारलं, "नाही करत?"

एक. दोन.

"गच्चीच्या जिन्यात दोनदा डोळ्यापुढं अंधारी आली. तुले सांगाले बसली तं तू आपलंच सुरू करतं."

तीनपर्यंत मोजलं. मग गोळीचं निघालं: नवी गोळी सुरू झाल्यापासून असं होत होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही मी गप्प बसले, तिलाच सांगू दिलं. डॉक्टरांनी गोळी बदलली.

गहू तीन दिवस भिजवून चीक काढला. कुरोड्या खाली अंगणातच घातल्या, बाजेवर जुनं धोतर पसरून.