सी सर्व्हरला लिबरॅप जोडण्याआधी

टीसीपी रॅपर्स, म्हणजे कुठल्या पत्त्यावरून आलेलं कनेक्शन घ्यायचं ते ठरवणारी लिबरॅप लायब्ररी, वापरायचं ठरवलं असेल, तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की असू द्या: शंका आली की या लायब्ररीचं उत्तर ‘येऊ द्या’ असं असतं. आधी होस्ट्स.अलाउ ही नियमांची फाइल वाचली जाते, तिच्यात नियम जुळला की प्रवेश. नाही जुळला तर होस्ट्स.डिनाय, तिथे जुळला की नकार. दोन्हीकडे काहीच जुळलं नाही तरी प्रवेशच. फाइल जागेवर नसेल तर ती रिकामी धरली जाते. फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही, अशा वेळी सिसलॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) एक ओळ पडते आणि दार उघडंच राहतं. पुढची सगळी तयारी या एका स्वभावाभोवती फिरते.

म्हणून सी कोडला हात लावण्याआधी नियम लिहून ठेवा. डिनाय फाइलमध्ये सरसकट ‘ऑल : ऑल’ (सगळ्या सेवा सगळ्यांना बंद) टाकायचा मोह होतो, पण त्याच मशीनवर लिबरॅपशी जोडलेले दुसरे डीमनही (मागे सतत चालणारे सर्व्हर प्रोग्रॅम) तीच फाइल वाचतात. दुरून एसएसएचने बसला असाल आणि तिथला एसएसएचडी (एसएसएचचा डीमन) लिबरॅप वापरत असेल, तर पुढचं लॉगिन तुमचं तुम्हालाच मिळणार नाही. आधी अलाउ फाइल पूर्ण करा, मग डिनायमध्ये फक्त आपल्या डीमनच्या नावाने ‘ऑल’ लिहा, आणि हे करताना दुसरं एक सत्र उघडं ठेवा. फाइल्स प्रत्येक कनेक्शनला नव्याने वाचल्या जातात, त्यामुळे रीस्टार्ट लागत नाही. चूकही तितक्याच तत्परतेने लागू होते. दोन्ही फाइल्सची परवानगी ०६४४ (वाचायला सगळ्यांना मोकळी) ठेवा. ‘सुरक्षेसाठी’ ०६०० (फक्त मालकाला) करणारे बरेच भेटतात. डीमन रूटचे अधिकार सोडून चालत असेल तर त्याला डिनाय फाइल वाचताच येत नाही, आणि पुढे काय होतं ते वर आलंच आहे. शेवटच्या ओळीनंतर एंटर हवाच, नाहीतर लायब्ररी त्या ओळीबद्दल तक्रार करते.

मग लायब्ररी मशीनवर मिळते का ते पाहा. व्हित्से व्हेनेमा यांनी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात १९९० साली हे काम सुरू केलं, त्यांची ७.६ ही आवृत्ती १९९७ची. डेबियन आणि उबुंटूवर डेव्हलपमेंट पॅकेज मिळतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने ८व्या आवृत्तीत ते काढून टाकलं, आणि मूळ ओपनएसएसएचने २०१४ साली ६.७ मध्ये लिबरॅपचा आधार बंद केला. तेव्हा तुमचा सर्व्हर रेड हॅटच्या नव्या मशीनवर जाणार असेल तर इथेच थांबा आणि तेच नियम एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) लिहा. कुठूनतरी मूळ सोर्स उतरवून बिल्ड करू नका: जानेवारी १९९९ मध्ये खुद्द विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवरच्या प्रतीत कुणीतरी चोरदार घुसवलं होतं, सोर्स पोर्ट ४२१ वरून येणाऱ्याला थेट रूट देणारं.

कोडमध्ये टीसीपीडी.एच हे हेडर घ्या आणि अलाउ_सिव्हिरिटी व डिनाय_सिव्हिरिटी हे दोन ग्लोबल इंट स्वतः डिफाइन करा, पहिल्याला लॉग_इन्फो आणि दुसऱ्याला लॉग_वॉर्निंग. हे राहिलं तर काही बिल्डमध्ये लिंकर ‘अनडिफाइंड रेफरन्स’ म्हणून अडतो, आणि माणूस उगाच लायब्ररीचा पाथ शोधत बसतो. अ‍ॅक्सेप्टनंतर क्रम असा: रिक्वेस्ट_इनिट, फ्रॉमहोस्ट, होस्ट्स_अ‍ॅक्सेस. रिक्वेस्ट_इनिटला डीमनचं नाव आणि सॉकेटचा डिस्क्रिप्टर देऊन शेवटी शून्य द्यायचं. ते विसरलात तर कंपायलर चकार शब्द काढत नाही, फंक्शन मात्र स्टॅकवरचा कचरा वाचत पुढे जातं. फ्रॉमहोस्ट गाळलं तर पत्ता ‘अननोन’ राहतो आणि पत्त्यावर बेतलेला एकही नियम जुळत नाही. ठरावीक पत्तेच नाकारणारी यादी असेल तर सगळे आत. होस्ट्स_अ‍ॅक्सेस शून्य परत करतं ते नकारासाठी. सीमध्ये ‘शून्य म्हणजे ठीक’ ही सवय हाडात मुरलेली असते, त्यामुळे ही अट उलटी लिहिली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नियमात लिहायचं नाव कोडमधल्या डीमनच्या नावाशी जुळलं पाहिजे. सेवेचं नाव चालत नाही. ‘एसएसएच’ लिहून उपयोग नाही, ‘एसएसएचडी’ लागतं.

नकार देताना रिफ्यूज वापरायचं की नाही, ते सर्व्हरच्या बांधणीवर ठरवा. रिफ्यूज लॉग लिहितं आणि प्रोसेस संपवतं. प्रत्येक कनेक्शनला फोर्क करत असाल तर तपासणी चाइल्डमध्ये करा आणि तिथे रिफ्यूज खुशाल वापरा. एकाच प्रोसेसमध्ये लूप चालवत असाल तर रिफ्यूज म्हणजे पहिल्याच नकोशा पाहुण्यासोबत आख्खं दुकान बंद. तिथे स्वतः सिसलॉग करा, सॉकेट बंद करा आणि लूपमध्ये परत जा. नियमातल्या ‘ट्विस्ट’ पर्यायाचंही तसंच: तो चालू प्रोसेसच्या जागी दुसरी कमांड चालवतो. प्रोसेस कायम राहणारी आहे हे लायब्ररी वारंवार होणाऱ्या कॉलवरून ताडते, पण पहिल्या कॉलला ते तिला कळलेलं नसतं. म्हणून सुरुवातीलाच रेसिडेंट हा ग्लोबल १ करा. लायब्ररीच्या आतमध्ये स्ट्रटोक (मजकूर तोडणारं सीचं फंक्शन) वापरलेलं आहे, तेव्हा तुमचं स्वतःचं स्ट्रटोक अर्धवट असताना हा कॉल करू नका. ग्लोबल आणि स्टॅटिक बफर भरपूर असल्यामुळे थ्रेड वापरत असाल तर कॉलभोवती एकच म्युटेक्स लावा, किंवा तपासणी अ‍ॅक्सेप्ट करणाऱ्या थ्रेडमध्येच उरका.

नियमात नावं नकोत, आकडे लिहा. नावाचा नियम आला की उलट डीएनएस शोध (पत्त्यावरून नाव) होतो, आणि डीएनएस सर्व्हर मंद असेल तर रिझॉल्व्हरच्या नेहमीच्या ५ सेकंद आणि २ प्रयत्नांच्या हिशोबाने तुमचा लूप तेवढा वेळ गप्प बसतो. ‘युजर@होस्ट’ असा नियम त्याहून वाईट: समोरच्याच्या ११३ पोर्टवर वापरकर्ता कोण याची विचारणा होते, १० सेकंदांपर्यंत वाट पाहिली जाते, आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायला काही कारण नसतं. ‘१९२.१६८.१०.’ असा शेवटी टिंब असलेला नियम पूर्ण जाळं धरतो. ते टिंब विसरलं तर काहीच जुळत नाही. मास्क लिहायचाच तर ‘/२५५.२५५.२५५.०’ असा पूर्ण लिहा, ‘/२४’ हा लहान प्रकार सगळीकडच्या बिल्डमध्ये चालत नाही. आयपीव्ही६ पत्ता ‘[::१]’ असा चौकटी कंसात घाला, कारण नियमात कोलन हाच विभाजक आहे. पत्ता स्वतः काढून होस्ट्स_सीटीएल या तपासणीच्या दुसऱ्या फंक्शनला देत असाल तर ड्युअल-स्टॅक (आयपीव्ही४ आणि ६ दोन्ही घेणाऱ्या) सॉकेटवर आयपीव्ही४ वाला ग्राहक ‘::एफएफएफएफ:’ लावून येतो. तो भाग काढून मगच द्या, नाहीतर आयपीव्ही४चे नियम त्याला ओळखत नाहीत.

क्रूट करणाऱ्या, म्हणजे स्वतःला एकाच डिरेक्टरीत कोंडून घेणाऱ्या सर्व्हरमध्ये एक सापळा आहे. क्रूटनंतर ‘/ईटीसी’ (नियमांच्या फाइल्सची डिरेक्टरी) म्हणजे तुरुंगातलं ‘/ईटीसी’. तिथे फाइल्स नाहीत, म्हणजे नियम नाहीत, म्हणजे सगळे आत, आणि याची लॉगमध्ये ओळसुद्धा पडत नाही. दोन्ही फाइल्स आत ठेवा. रिव्हर्स प्रॉक्सीमागे (ग्राहकांची कनेक्शनं आधी घेऊन पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरमागे) बसला असाल तर प्रत्येक ग्राहकाचा पत्ता प्रॉक्सीचाच दिसतो. तिथे लिबरॅप निरुपयोगी, नियम प्रॉक्सीवरच हवेत. यूडीपीत सोर्स पत्ता खोटा देता येतो, तेव्हा त्यावर भिस्त नको; शिवाय लायब्ररी डेटाग्राम फक्त डोकावून बघते, म्हणून नाकारल्यावर तो स्वतः वाचून फेका, नाहीतर सिलेक्ट हा वाट पाहणारा कॉल त्याच डेटाग्रामवर गरगरत राहतो. टीसीपीतही तपासणी होते ती कनेक्शन जुळल्यावर. पोर्ट बाहेरून उघडा दिसणारच, फायरवॉलची सुट्टी होत नाही.

चाचणीसाठी टीसीपीडीमॅच आहे: डीमनचं नाव आणि पत्ता दिला की कोणता नियम लागेल ते सांगतो. आयनेटडी.कॉन्फ (आयनेटडी चालवतो त्या सेवांची यादी) नसलेल्या मशीनवर तो फाइल सापडत नाही म्हणून थांबतो, तेव्हा ‘-आय’ने एक रिकामी फाइल द्या. त्यानंतर बायनरीवर एलडीडी (जोडलेल्या लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) चालवून लिबरॅप खरंच जोडली गेली आहे हे बघा. मग एका परवानगी असलेल्या आणि एका नसलेल्या मशीनवरून प्रत्यक्ष जोडून पाहा. शेवटी डिनाय फाइलची परवानगी मुद्दाम ०६०० करा, डीमन नेहमीच्या वापरकर्त्याने चालवा आणि नकोशा मशीनवरून पुन्हा जोडा. आत घेतलं तर सुरू होतानाच दोन्ही फाइल्स फोपेनने उघडून पाहणारी आणि न उघडल्यास सर्व्हर थांबवणारी चार ओळींची तपासणी घाला. क्रूट होत असेल तर ती क्रूटनंतर आणि अधिकार सोडल्यानंतर चालवा. मग परवानगी पुन्हा ०६४४.