फांदी दोराने उतरवायची असेल तर दोर, कप्पी आणि स्लिंग कसे निवडावे

छपरावर झुकलेली किंवा कुंपणाच्या आत आलेली जड फांदी तोडून तशीच पाडता येत नाही. ती दोराला बांधून सावकाश खाली सोडावी लागते. साहित्य घ्यायला निघालं की पहिला प्रश्न असतो, दोर किती जाड हवा? तो प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी फांदीचं वजन काढा, मग वरच्या कप्पीवर किती भार येईल ते बघा आणि त्यानंतर दोराकडे वळा. विजेच्या तारा जवळून जात असतील तर मात्र स्वतः हात घालू नका. पुरवठा बंद करून काम करणारे प्रशिक्षित लोकच बोलवा.

१. वजनाचा अंदाज

ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण १००० किलो धरा. काही जाती याहून हलक्या, काही जड, पण कामापुरता हा आकडा बरा आहे. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले लांबी, सगळं मीटरमध्ये, आणि उत्तराला १००० ने गुणायचं. ३० सेंमी व्यासाचा २ मीटर ओंडका साधारण १४० किलो भरतो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं आणि नजरेचा अंदाज नेमका इथेच चुकतो. डहाळ्या आणि पाला यांचं वजन वेगळं मिळवा.

२. वरच्या कप्पीवरचा भार

सगळ्यात जास्त विचार इथे करा. १०० किलोची फांदी कप्पीच्या एका बाजूला लटकते, तेव्हा तिला धरून ठेवायला दुसऱ्या बाजूलाही जवळपास तेवढीच ओढ लागते. दोन्ही ओढी कप्पीला खालीच खेचतात. म्हणजे दोरावर १०० किलो असताना कप्पी, तिची स्लिंग (कप्पी झाडाला बांधायचा दोर किंवा पट्टा) आणि ती जिथे बांधली ती जागा २०० किलोच्या आसपास सोसत असते. म्हणून स्लिंग आणि कप्पी दोराहून दणकट घ्या. साखळीतला कमजोर दुवा कुठला असायचाच तर तो दोर असावा. तो हाताखालून जातो, तपासता येतो, बदलता येतो. कप्पी निसटली तर ती झाडावरच्या माणसाच्या अंगाजवळ सुटते.

हा झाला स्थिर भार. कप्पीच्या वरचा ओंडका कापला की तो आधी खाली पडतो आणि मग दोर त्याला झेलतो. त्या झटक्याचं बळ वजनाच्या कितीतरी पट असतं. अशा वेळी तुकडे लहान करा, कप्पी कापाच्या शक्य तितकी जवळ ठेवा, आणि खालच्या माणसाने दोर एकदम न अडवता थोडा धावू द्यावा.

३. दोर

बहुतेक कामांना पॉलिएस्टरचा दुहेरी विणीचा दोर (आत विणलेला गाभा, बाहेर विणलेलं कवच) योग्य. तो फार ताणत नाही आणि ऊन बऱ्यापैकी सोसतो. नायलॉन जास्त ताणतं आणि भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर या कामाला नको: घर्षणाच्या उष्णतेने तो लवकर वितळतो, उन्हात लवकर कुजतो. कप्पी न लावता दोर थेट झाडाच्या बेचक्यातून नेणार असाल तर दुहेरी विणीचाही टाळा, कारण बाहेरचं कवच बेचक्यात अडतं आणि आतल्या गाभ्यावर भार नीट वाटला जात नाही. तिथे तीन पिळांचा दोर बरा.

जाडीपेक्षा लेबलवरचा तुटण्याचा भार वाचा आणि त्याचा दहावा भाग हीच आपली मर्यादा माना. ४००० किलोला तुटणारा दोर म्हणजे ४०० किलोचा दोर. गाठीमुळेच ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त कमी होते. झीज आणि झटका वेगळेच. फांद्यांसाठी सहसा १२ ते १४ मिमी, खोडाच्या ओंडक्यांसाठी १६ मिमी किंवा त्याहून जाड दोर वापरतात.

लांबी कप्पीच्या उंचीच्या दुप्पट तर हवीच, शिवाय गाठी, वेढे आणि खालच्या माणसाला बाजूला उभं राहण्यापुरती जास्त. कप्पी १५ मीटरवर असेल तर ४५ मीटर घ्या.

४. बाकीचं साहित्य

कप्पीच्या चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या किमान चौपट असावा. लहान चाकावर दोर मोडल्यासारखा वाकतो. बुंध्याला बांधायचा ब्रेक, म्हणजे पोर्टारॅप, नक्की घ्या. त्यावर दोराचे वेढे जितके वाढतील तितकी पकड झपाट्याने वाढते, आणि मोठा ओंडकाही एका माणसाच्या हातात राहतो. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळून भार धरणं जिवावर बेतू शकतं. कॅराबिनर (उघड-बंद होणारी धातूची कडी) लागलाच तर स्टीलचा; ओंडका झेलायच्या कामात मात्र त्याच्याऐवजी दोरच बांधा. कापापासून लांबच्या बाजूला सरकती बोलाइन गाठ (भार आला की आवळणारा फास) आणि कापाच्या बाजूला एक अर्धी गाठ, एवढ्यावर बहुतेक ओंडके नीट बसतात.

५. तपासणी

दर कामाआधी सगळा दोर हातमोजे काढून बोटांतून सरकवा. एखाद्या ठिकाणी तो अचानक बारीक, चपटा किंवा कडक लागला तर आत गाभा तुटलेला असू शकतो. चकचकीत, काचेसारखा गुळगुळीत पट्टा म्हणजे तिथे धागे वितळलेत. गाभा बाहेर दिसतोय, किंवा जोराचा झटका बसून गेलाय, तर तो दोर बाद करा. गाठीचं टोक सगळ्यात आधी झिजतं, तेवढंच खराब असेल तर कापून टाका आणि दोर उलटा करून वापरा. माणूस चढायचा दोर या कामाला कधीही लावू नका. एकदा ओंडका उतरवलेल्या दोरावर पुन्हा माणूस लटकता कामा नये. दोन्ही दोर वेगळ्या रंगाचे घेतलेत तर घाईत अदलाबदल होणार नाही.