सुपारीपासून स्वतःच्या गाण्यापर्यंत: नाझरेथच्या वाटेने सोलापुरात बँड कसा उभा करावा

सोलापुरात रॉक बँड काढू पाहणारी मुले बहुधा सर्वांत आधी स्टुडिओ शोधू लागतात, आणि चुकीची सुरुवात तिथेच होते. आम्हीही ती केली होती. एकाही श्रोत्यासमोर न वाजवलेली तीन गाणी पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रित केली आणि पहिल्याच कार्यक्रमात ती तिन्ही पडली. योग्य क्रम कोणता, हे समजून घ्यायचे असेल तर स्कॉटलंडच्या नाझरेथ या बँडची सुरुवातीची वर्षे बारकाईने पाहावीत. त्यांचे गाव डनफर्मलिन. दमास्क लिननच्या विणकामासाठी एके काळी नावाजलेले हे गाव एडिंबरोच्या जवळ असले तरी रेकॉर्ड कंपन्यांच्या लंडनपासून फार लांब होते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या आपल्या सोलापूरला हे अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

नाझरेथ हे नाव १९६८ च्या अखेरीस आले, पण त्याचे मूळ १९६१ मध्ये सुरू झालेल्या शॅडेट्स या हौशी बँडमध्ये आहे. गावातल्या किनेमा बॉलरूममध्ये नाचायला आलेल्या लोकांसाठी त्या काळची गाजलेली गाणी वाजवणे, हे त्यांचे काम होते. गायक डॅन मॅकॅफर्टी, बेसवादक पीट अ‍ॅग्न्यू आणि ड्रमवादक डॅरेल स्वीट याच बँडमधले. गिटारवादक मॅनी चार्लटन आल्यावर चौकडी पूर्ण झाली. आपल्याकडे या कामाला ऑर्केस्ट्रा म्हणतात आणि रॉकवाली मुले त्याकडे नाक मुरडतात. तसे करू नये. पहिली दोन वर्षे ऑर्केस्ट्र्याच्या सुपाऱ्या घ्याव्यात, गणेशोत्सवातल्या मंडळांसाठी वाजवावे आणि मराठी, हिंदी, तेलुगू व कन्नड मिळून निदान ४० गाणी हाताखाली ठेवावीत, कारण शहराच्या तेलुगू भाषकांच्या पूर्व भागात तेलुगू फर्माईश आली आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो, तर पुढची सुपारी दुसऱ्याला जाते.

याच कार्यक्रमांत स्वतःचे गाणे तपासून घ्यावे. लोकांच्या ओळखीची दोन गाणी झाल्यावर, काहीही जाहीर न करता, तिसरे आपले वाजवावे. निवेदकाने ‘आता आमची स्वतःची रचना’ असे म्हटले की अर्धे लोक चहाला उठतात. एक फोन मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ ध्वनिमुद्रणासाठी ठेवावा. घरी ऐकताना आपल्या वादनापेक्षा गर्दीकडे लक्ष द्यावे, म्हणजे बोलण्याचा गलबला कोणत्या ओळीला वाढला आणि कुठे थांबला, हे स्पष्ट कळते. जे गाणे पाच वेळा वाजवूनही गलबला थांबवू शकत नाही, ते बाजूला ठेवावे.

तालमीची खोली यंत्रमागाच्या शेडला लागून मिळाली तर सोने समजावे. माग चालू असताना ड्रमबद्दल कोणीही तक्रार करत नाही. इतरत्र मात्र भिंतींवर जाड सोलापुरी चादरी टांगाव्यात. त्या भिंतीला चिकटवून न लावता चार-सहा इंच पुढे सोडाव्यात, म्हणजे झांजांचा आणि गिटारचा कर्कश पडसाद बराच कमी होतो. बेसचा घुमारा यामुळे शेजाऱ्याकडे जायचा थांबत नाही, म्हणून शेजाऱ्याशी आधीच बोलून वेळ ठरवावी. मंडपातल्या कार्यक्रमाला रात्री १० ची मर्यादा आणि पोलीस ठाण्याची परवानगी, या दोन्ही गोष्टी आयोजकावर न सोडता स्वतः पाहाव्यात.

नाझरेथचे चौघे १९७० मध्ये लंडनला गेले तेव्हा गावात बँड सुरू होऊन सुमारे नऊ वर्षे झाली होती. बिंगो हॉलच्या धंद्यात पैसा कमावलेल्या बिल फेहिली यांनी त्यांना आर्थिक पाठबळ दिले. तरीही १९७१ चा पहिला अल्बम आणि १९७२ चा काहीसा सौम्य, विजेशिवाय वाजणाऱ्या (ध्वनिक) वाद्यांकडे झुकलेला दुसरा अल्बम त्यांना मोठे यश देऊ शकले नाहीत. माझ्या मते खरा धडा याच दोन वर्षांत आहे, कारण मंचावरचा बँड आणि रेकॉर्डवरचा बँड निरनिराळे वाटत होते. पुढे डीप पर्पल या नावाजलेल्या ब्रिटिश रॉक बँडच्या दौऱ्यात आधी वाजवण्याची संधी मिळाली, त्याच बँडचे बेसवादक रॉजर ग्लोव्हर निर्माते म्हणून लाभले, आणि १९७३ च्या ‘राझामानाझ’ या अल्बमने मंचावरचा दणका रेकॉर्डवर आणला. त्यातली दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोहोचली. म्हणून स्टुडिओत जाताना आपल्याला प्रत्यक्ष मंचावर ऐकलेला माणूस सोबत न्यावा, मग त्याच्याकडे पदवी नसली तरी चालेल. चौघांनी शक्यतो एकत्रच वाजवावे. प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित केले की मांडवातला जोर निघून जातो.

दुसऱ्याचे गाणे घेण्यात कमीपणा मानू नये, मात्र ते बदलून घ्यावे. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांचे एक हळुवार गाणे नाझरेथने १९७३ मध्येच घोडदौडीच्या ठेक्यावर नेले आणि ते गाजले. नाझरेथचे ‘लव्ह हर्ट्स’ हे तर एव्हर्ली ब्रदर्स या अमेरिकी गायक भावांनी पूर्वीच गायलेले. १९७५ च्या ‘हेअर ऑफ द डॉग’ या अल्बमच्या अमेरिकी आवृत्तीत दुसरे एक गाणे काढून ते घातले गेले, आणि अमेरिकेत ते आठव्या क्रमांकापर्यंत चढले. आपणही एखादे भारूड किंवा जुने भावगीत निवडून त्याचा ठेका आधी बदलून पाहावा, स्वर नंतर. गाणे कोणाच्या हक्काचे असेल, तर ते प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

नोकरी लगेच सोडू नये. सुपारीच्या पैशांतून तारा, ड्रमची कातडी आणि टेम्पोभाडे वेगळे काढून उरलेल्याचे समान वाटे करावेत आणि ते त्याच रात्री लिहून ठेवावेत. पुण्यातल्या कार्यक्रमांसाठी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची असली, तरी तिची परतीची गाडी संध्याकाळीच सुटते. म्हणून रात्रीचा कार्यक्रम घेताना परतीचे भाडे आयोजकाकडून आधीच ठरवून घ्यावे.